वारा पाहत बसणाऱ्याची पेरणी होत नाही: अनिश्चित कमाईत बायबलच्या शहाणपणाने काम आणि पैसा कसा लावावा

कमाईचा आकडा दर महिन्याला बदलतो अशा माणसाला बायबलमधली कामाविषयीची वचने लवकर पटतात, कारण ती लिहिणारेही तसेच जगत होते. मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) नदीचे पाणी शेताला देता येई. इस्राएली लोकांचा कनान देश मात्र आभाळावर अवलंबून होता. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात (११:१०-११) हा फरक उघड सांगितला आहे. आगोटीचा पाऊस आला नाही तर नांगर चालत नसे, वळवाचा चुकला तर कणीस भरत नसे. त्याच देशातल्या गेजेर या जुन्या नगराच्या जागी १९०८ मध्ये चुनखडीची एक हातभरही नसलेली पाटी सापडली. इ.स.पू. दहाव्या शतकातली ही पाटी वर्षाची कामे मोजते: दोन महिने सुगी गोळा करणे, दोन महिने पेरणी, दोन महिने उशिराची पेरणी, मग जवस, सातू, कापणी, द्राक्षवेलींची छाटणी आणि शेवटी उन्हाळी फळे. कामाचा महिना ठरलेला, पदरात काय पडणार ते मात्र ठरलेले नाही. नीतिसूत्रे आणि उपदेशक ही दोन पुस्तके याच पेचातून बोलतात, आणि खालची सगळी पद्धत त्याच पेचावर उभी आहे.

आधी वचने नीट वाचा, नाहीतर पुढचे सगळे चुकेल

नीतिसूत्रे १०:४ म्हणते की ढिल्या हाताने दारिद्र्य येते आणि उद्योगी हात संपन्न करतो. हे जगाकडे पाहून काढलेले अनुमान आहे. त्याला हमीपत्र समजू नका. त्याच्या शेजारी उपदेशक ९:११ ठेवूनच ते वाचावे: शर्यत वेगवानालाच मिळते असे नाही, भाकर शहाण्यालाच मिळते असे नाही, वेळ आणि प्रसंग सगळ्यांवरच येतात. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले एकटे धरले की मंदीत धंदा बसलेल्या कष्टाळू माणसाला आपण आळशी ठरवतो. ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक केली आणि पुस्तकाच्या शेवटी (ईयोब ४२:७) देवाने त्यांना त्याबद्दल सुनावले. दुसरे एकटे धरले की हात गळतात. नीतिसूत्रे १३:२३ तर स्पष्टच म्हणते की गरिबाच्या शेतात पुष्कळ पिकू शकते, पण अन्यायाने ते वाहून जाते. म्हणजे दारिद्र्याचे कारण दर वेळी आळस नसतो, हे खुद्द नीतिसूत्रांनाच माहीत आहे.

एक शब्द लक्षात ठेवा. 'उद्योगी' यासाठी नीतिसूत्रांत हिब्रू शब्द आहे 'हारूत्स'. त्याचा मूळ अर्थ धारदार. मळणीच्या तीक्ष्ण दात्यांच्या औतालाही यशया २८:२७ मध्ये हाच शब्द आहे. म्हणून उद्योगीपणा तासांवर मोजू नका. वेळेवर निर्णय घेऊन काम कापत जाणे, असा त्याचा अर्थ घ्या.

कळपाची मोजणी: बारा महिन्यांचे आकडे मांडा

नीतिसूत्रे २७:२३-२४ सांगते: आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे, कारण धन कायम टिकत नाही. मेंढपाळ रोज संध्याकाळी मेंढरे काठीखालून एकेक मोजून आत घेई. अंदाजाने 'असतील सगळी' म्हणणाऱ्याचे मेंढरू हरवल्याचे त्याला दोन दिवसांनी कळते. पैशाचेही तसेच आहे.

वहीत मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम लिहा. 'येणे आहे' ते या रकान्यात घालू नका. येणे म्हणजे अजून डोंगरावर असलेले मेंढरू. उदाहरणाला हजारांत हे आकडे घेऊ: ४२, १८, ३५, ५०, २२, ३०, ६०, २०, ३८, २५, ४५, ३५. बेरीज ४२०, म्हणजे सरासरी ३५.

बहुतेक लोक इथेच फसतात. ते खर्च ३५ वर बसवतात. पण याच यादीत पाच महिने ३५ च्या खाली आहेत, आणि त्या पाच महिन्यांत उसनवारी सुरू होते. म्हणून तीन आकडे काढा:

- तळ: सर्वांत कमी तीन महिन्यांची सरासरी. इथे १८, २० आणि २२, म्हणजे २०. राहणे, खाणे, औषध आणि हप्ते एवढे तरी या आकड्यात बसलेच पाहिजेत.
- पगार: सरासरीचे चार भाग, म्हणजे ३५ चे चार पंचमांश, २८. दर महिन्याला स्वतःला एवढेच द्यायचे. महिना ६० चा असला तरी २८ आणि १८ चा असला तरी २८.
- कोठार: उरलेला एक भाग, ७. वर्षाला ८४, म्हणजे बरोबर तीन महिन्यांचे पगार.

सगळी कमाई एका खात्यात येऊ द्या आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला २८ दुसऱ्या खात्यात वळवा. खर्च फक्त दुसऱ्यातून. वरच्या क्रमाने चालल्यास पहिल्या महिन्याअखेर १४ शिल्लक राहते, दुसऱ्याच्या अखेर ४ वर येते, आणि वर्ष संपताना ८४ होते. पण तुमची सुरुवात १८ च्या महिन्याने झाली असती तर खाते पहिल्याच महिन्यात १० ने उणे गेले असते. म्हणून आरंभी २८ घेऊ नका. पहिल्या खात्यात एका महिन्याचा पगार साठेपर्यंत तळाच्या आकड्यावर, २० वरच राहा. हा टप्पा जिवावर येतो. पद्धत मोडते ती सहसा इथेच.

तुमचा आवश्यक खर्च तळाच्या वर जात असेल तर तो आकडा झाकू नका. घर, वाहन किंवा हप्ता यांपैकी एखादी मोठी गोष्ट बदलावी लागेल. चहा-नाश्त्यातून ती तूट भरून निघत नाही.

योसेफाचा पाचवा हिस्सा

वरचा पाचवा भाग उत्पत्ति ४१:३४ मधला आहे. मिसरच्या राजाचा अधिकारी झालेल्या योसेफाने येणाऱ्या दुष्काळासाठी सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पंचमांश घ्यायला लावला. हिशेब मजेदार नाही, पण उपयोगी आहे. सात वर्षांचा पंचमांश म्हणजे एका सुकाळी वर्षाचे १.४ पट धान्य. ते सात दुष्काळी वर्षांवर पसरले तर दर वर्षी सुकाळाच्या पाचव्या भागाइतकेच येते. म्हणजे कोठारावर कोणी पोटभर जगावे असा बेत नव्हताच. जे थोडे पिकेल त्याला टेकू, एवढेच त्याचे काम. आपल्या साठ्याकडेही तसेच पाहा: वाईट काळात कमाई पूर्ण थांबत नाही, घटते; साठा मधली फट भरतो.

उत्पत्ति ४१:४८ मधला तपशील महत्त्वाचा आहे: प्रत्येक नगराच्या भोवतालचे धान्य त्याच नगरात साठवले. गरज पडेल तिथेच साठा हवा. अडीअडचणीचा पैसा पाच वर्षांसाठी अडकवून ठेवला, किंवा काढताना दंड बसतो अशा जागी ठेवला, तर दुष्काळ एका नगरात आणि धान्य दुसऱ्या नगरात अशी गत होते. तीन महिन्यांचा पगार दोन दिवसांत हाती येईल असा ठेवा. त्यापुढचा थोडा लांब ठेवला तरी चालेल.

वेग किती? पाचवा भाग बाजूला काढला तर चार महिन्यांत एका महिन्याचा खर्च साठतो. दहावा काढला तर नऊ महिने लागतात. दहावाच जमत असेल तर दहावा. नीतिसूत्रे १३:११ मुठीमुठीने साठवण्याचेच कौतुक करते, झटपट मिळालेल्याचे नाही.

आणि वरची मर्यादाही ठरवा. निर्गम १६ मध्ये दुसऱ्या दिवसासाठी लपवलेल्या मान्न्यात, म्हणजे रानात देवाने रोज दिलेल्या अन्नात, किडे पडले, पण सहाव्या दिवशी शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या विसाव्याच्या दिवसासाठी, दुप्पट गोळा केलेला नासला नाही. साठवण तीच, एकीला ठरलेले प्रयोजन होते, दुसरीला फक्त भीती होती. लूक १२:१६-२१ मधला श्रीमंत कोठारे पाडून मोठी बांधतो, त्याच्या बोलण्यात 'माझे' संपत नाही आणि 'पुरे' येतच नाही. सहा महिन्यांचा पगार जमला की कोठाराचे दार लावा. त्यानंतरचा पाचवा भाग अवजारे, शिक्षण, कर्जफेड आणि इतरांची मदत यांत जाऊ द्या.

आधी शेत, मग घर

नीतिसूत्रे २४:२७ हे सगळ्या पुस्तकातले सर्वांत व्यवहारी वाक्य असावे: बाहेरचे काम आधी लाव, शेत तयार कर, मग घर बांध. चांगला महिना आला की हात उलट्या क्रमाने जातो.

क्रम कसा ओळखायचा त्यासाठी अनुवाद २४:६ पाहा. जाते किंवा जात्याची वरची तळीही गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. वरची तळी हा फिरणारा दगड. खालचा जड दगड जागेवरच राहतो, वरचा एकटा माणूस उचलून नेऊ शकतो, म्हणून सावकाराचा डोळा त्यावर. तो गेला की घरात धान्य असूनही संध्याकाळची भाकरी होत नाही. आपल्या कामातली 'वरची तळी' शोधा: जी वस्तू उद्या बंद पडली तर परवाची कमाई थांबते ती. शिवणयंत्र, संगणक, दुचाकी, हत्यारांची पेटी, काहींच्या बाबतीत पाठ किंवा डोळे. तिच्यासाठी तीन नियम:

1. ती कधीही तारण ठेवायची नाही.
2. तिची किंमत भागिले तिचे अंदाजे आयुष्य (महिन्यांत) एवढी रक्कम दर महिन्याला वेगळी काढायची. ४८ हजारांचे यंत्र चार वर्षे टिकत असेल तर दरमहा १ हजार. हे कोठारातून धरू नका.
3. दुरुस्ती बिघडल्यावर नव्हे, मंदीच्या महिन्यात करून घ्यायची.

नीतिसूत्रे १४:४ याच्या जोडीला घ्या: बैल नसले की गव्हाण स्वच्छ राहते, पण भरपूर पीक बैलाच्या बळानेच येते. अवजाराचा खर्च, पसारा, शेण हे कामाचे मोल आहे. काटकसरीच्या नादात बैल विकणाऱ्याची गव्हाण चकचकीत राहते, एवढेच. वाढ करायची झाली तर ३१:१६ मधल्या बाईची रीत बरी: ती शेत पारखते, मग घेते, आणि द्राक्षमळा लावते तो हातच्या कमाईतून. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणाराही आधी बसतो, मग खर्च मोजतो. ३१ मधल्या बाईचा दिवा रात्री मालवत नाही म्हणून तिला झोप नसावी असा अर्थ काही जण काढतात; त्या ओळीवर वेळापत्रक बांधू नका.

जामीन आणि कर्ज

नीतिसूत्रांत जामीनकीवर इतक्यांदा इशारा आहे (६:१-५, ११:१५, १७:१८, २२:२६-२७) की तो टाळून पुढे जाता येत नाही. २२:२७ मधले चित्र नेमके आहे: फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूण का जावे? जामिनाची सही करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही रक्कम आज दान म्हणून देता येईल का? येत असेल तर सरळ तेवढी द्या. येत नसेल तर सही नको.

सही आधीच झाली असेल तर ६:३-५ मध्ये पायऱ्या आहेत. जा, नमते घे, गळ घाल. डोळ्याला डोळा लागू देऊ नको. शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. आजच्या भाषेत: त्याच दिवशी कर्जदाराला भेटा, एकूण बाकी लेखी मागा, जबाबदारीला रकमेची आणि तारखेची मर्यादा घालून घ्या किंवा दुसरे तारण द्यायला लावा. लाजेने गेलेला प्रत्येक आठवडा व्याज वाढवतो.

कर्ज स्वतःचे असेल तर २ राजे ४:१-७ मधल्या विधवेकडे पाहा. सावकार तिच्या दोन मुलांना दास करायला आला आहे. संदेष्टा अलीशा तिला विचारतो, 'घरात काय आहे?' एक कुपी तेल. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी, 'थोडी आणू नको' असे बजावून. दार लावून काम. आणि क्रम: तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यावर तू आणि मुले जगा. चमत्कार देवाचा आहे. क्रम मात्र कोणालाही पाळता येतो. हाती आहे ते मोजणे, शेजाऱ्यांकडून पैसे नव्हे तर साधने मागणे, विक्रीतून फेड आधी. अनेक कर्जे असतील तर ज्यात 'वरची तळी' अडकली आहे ते आधी, मग सर्वांत जास्त व्याजाचे.

सात वाटे, आठही

उपदेशक ११:१-२ चे दोन अर्थ लावतात. भाकर पाण्यावर सोडणे म्हणजे परतफेडीची आशा न धरता देणे, असा एक. धान्य जहाजांनी परदेशी पाठवणे आणि सगळा माल एका जहाजात न भरणे, असा दुसरा. 'सात जणांना वाटा दे, आठ जणांनाही, कारण पृथ्वीवर कोणती विपत्ती येईल हे तुला ठाऊक नाही' हे दोन्ही अर्थांना लागू पडते, आणि आमच्या मते दोन्ही पाळावेत.

कामात याची चाचणी सोपी आहे. मागच्या वर्षीची कमाई देणाऱ्यांच्या नावांनुसार लावा. एकाच नावावर निम्म्याहून जास्त आली असेल तर तुमचा माल एका जहाजात आहे. तो तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली आणण्याला एक वर्ष द्या. चांगल्या ग्राहकाला सोडून नव्हे, नवे जोडून. पण नीतिसूत्रे १२:११ चा चिमटाही लक्षात असू द्या: आपली जमीन कसणाऱ्याला भाकरी मिळते, पोकळ गोष्टींमागे धावणारा बुद्धिहीन. सात वाटे आपल्या कसबाच्या आतले हवेत. सुताराने सात प्रकारची गिऱ्हाइके जोडावीत. सात अनोळखी धंदे नव्हेत.

वाऱ्याचा प्रश्न

आता उपदेशक ११:४: वारा पाहत बसणारा पेरणार नाही, ढग पाहत बसणारा कापणी करणार नाही. बी हाताने फेकून पेरत, म्हणून वारा सुटला की बी एका बाजूला पडे. कापणीवर पाऊस आला की ओले पीक सडे. म्हणजे वारा पाहणारा मूर्ख नव्हता. त्याचे कारण अस्सल होते. आणि अडचण तीच आहे. रस्त्यात सिंह आहे म्हणणारा आळशी (नीतिसूत्रे २२:१३) ओळखता येतो. वाजवी कारण देऊन थांबणारा स्वतःलाही ओळखू येत नाही.

उपाय तारखेत आहे. लांबवलेले काम वहीत लिहा. शेजारी 'कशाची वाट पाहतो आहे' ते, आणि 'ते झाले नाही तरी करायचे' ती तारीख. दोन आठवड्यांपेक्षा लांबची नको. तारीख आली की आहे त्या वाऱ्यात पेरा, हवे तर अर्धे बी. नीतिसूत्रे २०:४ मधला आळशी थंडीमुळे नांगरत नाही आणि सुगीत शोधायला जातो तेव्हा काही नसते: नांगरणीची भरपाई कापणीत होत नाही.

उपदेशक ११:६ मध्ये 'सकाळी पेर, संध्याकाळीही हात आखडू नको' आहे, कारण यांतले कोणते उगवेल किंवा दोन्ही उगवतील हे कळत नाही. याचा रोजचा नियम असा करा: हातात काम भरलेले असतानाही आठवड्यातले चार तास पुढच्या कामाच्या पेरणीला, म्हणजे जुन्या ग्राहकांना विचारणे, नमुने तयार करणे, दर पाठवणे. काम संपल्यावर पेरणी सुरू करणाऱ्याला मध्ये दोन-तीन कोरडे महिने लागतातच. कमाईच्या यादीतले १८ आणि २० बहुतेक तिथून येतात.

सहा दिवस झाले की थांबा. निर्गम ३४:२१ मुद्दाम सांगते की नांगरणीच्या आणि कापणीच्या काळातही. भर हंगामात सुटी घेणे अशक्य वाटते, म्हणून तो उल्लेख. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची सवय लावा: बिले पाठवा, उद्याचे निरोप आज द्या, वही मिटा.

शेताचे कोपरे आणि वाईट महिना

लेवीय १९:९ कापणीत शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायला सांगते. प्रमाण दिलेले नाही. कोपरा किती ते मालकावर सोडले आहे. इतरांच्या मदतीचा हा कोपरा पगारातूनच, महिन्याच्या पहिल्या दिवशी काढा, उरल्यावर नव्हे. तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल तर त्याआधी अनुवाद २४:१५: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला आहे. तुमची बिले अडकली म्हणून त्याची मजुरी अडकवू नका, कोठारातून द्या. कोठाराचा तो पहिला हक्काचा उपयोग.

'काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये' (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०) हे वाक्य मदत नाकारताना वापरले जाते. तिथे शब्द इच्छेचा आहे. काम न मिळणाऱ्याला, आजाऱ्याला, अपंगाला ते लावू नका. लिहिणारा पौल स्वतः राहुट्या शिवून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३) आणि हातांनी कष्ट करावेत ते गरजवंताला देता यावे म्हणून, असे इफिसकरांस ४:२८ मध्ये सांगितले आहे.

आणि तुमचाच महिना कोरडा गेला तर रूथ २ वाचा. रूथ आधी दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसे वेचायची परवानगी मागते, मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेचते, वेचलेले झोडपून मोजते आणि घरी नेऊन सासूला, नामीला, दाखवते. साठा एका महिन्याच्या पगाराखाली आला की त्याच आठवड्यात घरच्यांना आकडा सांगा, पगार तळावर आणा, आणि हप्ता घेणाऱ्याला देय तारखेच्या आधी भेटा. तारखेआधी आलेल्या माणसाशी बोलणी होतात.